पान शार्प, फुलपाखरू धुरकट: फिरायला गेल्यावर काढलेले फोटो दरवेळी का फसतात

पावसाळा लागला की आम्हा नाशिककरांचे रविवारी रात्री ठरलेले मेसेज सुरू होतात. अंजनेरीला गेलो होतो, दुगारवाडीला गेलो होतो, भावलीला गेलो होतो, हा बघ सरडा, हे बघ फुलपाखरू, आणि फोटो उघडावा तर हिरव्या रानात एक धुरकट ठिपका. त्याच्यापुढचा प्रश्न पण ठरलेला, "लेन्स बदलू का भो, का कॅमेराच बदलू?" बहुतेक वेळा माझं उत्तर एकच असतं की पैसे खिशात ठेव आणि तो फसलेला फोटो मला मूळ साइजमध्ये पाठव. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

तर पहिली गोष्ट, फसलेला फोटो जागेवरच डिलीट मारू नका. तो मोठा करा आणि त्यात काय बिघडलंय ते बघण्याऐवजी काय शार्प आलंय ते शोधा. सगळं निदान तिथेच होतं. मागचं पान किंवा पुढची गवताची काडी खणखणीत आली असेल आणि फुलपाखरू धुरकट असेल तर फोकस भलत्याच ठिकाणी गेला. फूल शार्प, पाय शार्प आणि फक्त पंख फरफटलेले असतील तर शटर स्पीड, म्हणजे कॅमेरा एक फोटो किती पटकन टिपतो तो वेग, कमी पडला. फोटोतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर तुमचा हात हलला. डोळा छान आलाय पण शेपटी आणि पंखांच्या कडा विरघळल्यात, तर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा पट्टा शार्प येतो तो, कमी पडली. आणि कुठेच काही शार्प नाही, दिशा पण नाही, सगळं नुसतं मऊ, दुधाळ, तर काचेवर वाफ आहे नाहीतर मधल्या हवेचा दोष आहे. या पाच दुखण्यांना पाच वेगळी औषधं आहेत, आणि लोक काय करतात तर पाचही दुखण्यांवर महागडी लेन्स हे एकच औषध घेतात.

फोकस भलतीकडे जाणं ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, म्हणून तीच आधी.

फोनवाल्यांचा घोळ असा असतो की फोन फुलपाखराच्या जवळ नेला की तो आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतो आणि स्क्रीनवर मॅक्रोचं, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोचं, फुलाचं चिन्ह येतं, आपल्याला वाटतं वा वा, पण त्या लेन्सने मोठं दिसायला हवं असेल तर दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं, आणि एवढ्या जवळ फोनची सावली अंगावर पडल्यावर कुठलं फुलपाखरू थांबणार आहे? ते आपोआप मॅक्रो सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. २एक्स किंवा ३एक्स लावा आणि हातभर लांबून काढा. यात अजून एक गंमत आहे, ३एक्स दाबलं म्हणजे टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्सच चालू झाली असं नाही, वस्तू जवळ असेल किंवा उजेड कमी असेल तर बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करून देतात आणि मग खवल्यांच्या जागी रंगाचा लेप दिसतो. तपासायचं कसं, तर ३एक्सवर ठेवून टेली लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर लेन्स खरी चालू आहे, चित्र तसंच दिसत राहिलं तर फोन तुम्हाला बनवतोय, एक-दोन पावलं मागे या की तो परत खऱ्या टेलीवर येतो.

बारीक काडीवर बसलेलं इवलंसं ग्रास ज्वेल फुलपाखरू किंवा पातळ फांदीवरचा चतुर (ड्रॅगनफ्लाय) फोनला सापडतच नाही, तो सरळ मागच्या झाडीला धरतो. तुम्ही स्क्रीनवर कितीही बोटं आपटा, तो परत मागे जातो. अशा वेळी जवळपासचं तेवढ्याच अंतरावरचं एखादं रुंद पान बघा, त्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाल्याचं स्क्रीनवर दिसतं, आणि मग फोन तसाच हळू सरकवून काडीसमोर आणा. आता फोकस हलणार नाही, तुम्ही स्वतः इंचभर पुढेमागे व्हा आणि एका दमात पाच-दहा फोटो घ्या. त्यातला एखादा लागतो.

कॅमेरावाल्यांनी आधी फोकस एरिया बघावा. तो ऑटोवर असेल तर कॅमेरा त्याला जे जवळ किंवा जास्त ठसठशीत वाटेल ते पकडणार, आणि सप्टेंबरमध्ये अंजनेरीच्या पठारावर तुमच्या आणि सरड्याच्या मध्ये गवत सोडून दुसरं असतं काय? एकच छोटा पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. हरणटोळ साप हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. बोटाएवढा सुद्धा जाड नाही, पानाच्याच हिरव्या रंगाचा, तोंड पुढे निमुळतं, वाऱ्याने फांदी डोलते तसा तोही डोलतो, त्यामुळे मोठा फोकस चौकोन ठेवलात की कॅमेरा हमखास बाजूचं पान उचलतो. त्याचा डोळा मोठा झूम करून बघा कधी, बाहुली आडवी असते, किल्लीच्या भोकासारखी. पॉइंट तिथे नाही बसला तर तो फोटो म्हणजे नुसती हिरवी रेघ. नवीन मिररलेसमध्ये प्राण्याचा डोळा शोधणारं फोकस असतं, पक्ष्यांवर ते झकास चालतं पण सरड्या-सापांवर कधी चालतं कधी नाही, त्यावर विसंबून राहू नका.

आणि लेन्स घर्रघर्र पुढेमागे करतेय पण फोकस बसतच नाही, तर ती बिघडलेली नसते, तुम्ही जास्त जवळ गेलेले असता. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं आणि ते बहुतेक वेळा लेन्सवरच छापलेलं असतं. कॅननची ५५-२५० एसटीएम ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळ चालते, म्हणून फुलपाखरांसाठी ती स्वस्तात मस्त आहे. उलट पक्ष्यांसाठी घेतलेली टॅमरॉन १५०-६०० जी२ असेल तर २.२ मीटर लागतात, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी असेल तर २.८ मीटर. नांदूर मधमेश्वरला टॉवरवरून बदकं, फ्लेमिंगो टिपणारी मंडळी खाली उतरून पायाशी बसलेल्या फुलपाखरावर तीच लेन्स रोखतात आणि मग म्हणतात फोकस गेला. अजून एक, या मोठ्या लेन्सच्या कडेला फोकस लिमिटरचं बटण असतं. सकाळी लांबच्या पक्ष्यांसाठी ते लांबच्या बाजूला सरकवलेलं असतं आणि दुपारी कोणाच्या लक्षात राहत नाही. सर्व्हिस सेंटरला फोन लावायच्या आधी ते बटण बघा, खरंच सांगतो.

आता पंख फरफटण्याचं दुखणं. इथे फुलपाखरू कोणतं आहे त्यावर सगळं ठरतं. राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ साली आपलं राज्य फुलपाखरू झालं ते, घाणेरीवर मध प्यायला येतं तेव्हा नीट बसतच नाही. पाय फुलाला जेमतेम टेकलेले, मागचे पंख थोडे स्थिर आणि पुढचे पंख सारखे थरथरत असतात, कारण एवढं मोठं अंग त्या चिमुकल्या फुलाला पेलत नाही. हे सगळे स्वॅलोटेल घराण्याचे असेच. त्यांना १/२५० सेकंदावर टिपायला जाल तर काळ्या-निळ्या रंगाचा पंखा मिळेल. १/१००० किंवा त्याहून वेगात जा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, १६०० झाला तर होऊ द्या, ३२०० झाला तरी होऊ द्या. लोक आयएसओला विनाकारण घाबरतात, फोटोतले दाणे नंतर सॉफ्टवेअरने कमी करता येतात पण हललेला पंख कुठल्याच सॉफ्टवेअरला धड जोडता येत नाही. उलट पॅन्सी, प्लेन टायगर, कॉमन ग्रास यलो ही मंडळी बसली की बसली, त्यांना १/४०० सुद्धा पुरतं, फक्त घाटातला वारा फूल हलवत असतो तो थांबायची वाट बघायची. वारा सारखा एकसारखा नसतो, झुळूक येते, जाते, दोन झुळुकांच्या मधे फूल क्षणभर उभं राहतं, तेव्हाच बटण.

याच्यावरचा सोपा उपाय म्हणजे फूल सोडा आणि चिखल शोधा. ओढ्याच्या काठाची ओली वाळू, रस्त्याकडेची ओल, गुरांनी मुतलेली जागा, तिथे नर फुलपाखरं क्षार शोषायला घोळक्याने बसतात, याला चिखलपान म्हणतात. त्या वेळी ती इतकी गुंग असतात की पोटावर झोपून सरकत गेलात तर बरंच जवळ जाता येतं. इगतपुरीकडे, त्र्यंबकच्या मागच्या बाजूला, पेठ-सुरगाण्याच्या रस्त्याला पाऊस ओसरल्यावर ऊन पडलं की अशा जागा हमखास सापडतात. कपडे खराब होतील. होऊ द्या.

हात हलण्याबद्दल जास्त लिहीत नाही. जेवढा फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा एमएमचा आकडा, तेवढा तरी शटर स्पीड हा जुना नियम आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा असल्यामुळे त्याला दीडने गुणायचं, म्हणजे २५० एमएम वर १/४००. लेन्समधलं स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतं, फुलपाखराचे पंख नाही, हे मात्र लक्षात ठेवा. किल्ला चढून धापा टाकत लगेच फोटो काढू नका, हरिहरच्या पायऱ्या चढून आल्यावर कोणाचाच हात स्थिर नसतो. गुडघा टेका, कोपर गुडघ्यावर ठेवा, श्वास सोडताना क्लिक.

दुधाळ फोटोंची भानगड मजेशीर आहे कारण तिथे चूक कॅमेऱ्यातही नसते आणि हातातही नसते. पावसाळ्यात नाशिकहून एसी लावून इगतपुरीला जायचं, गाडीतून उतरायचं, बॅगेतून थंडगार कॅमेरा काढायचा, आणि बाहेरच्या दमट हवेतली वाफ पटकन काचेवर जमते. मग टी-शर्टने पुसायचं, परत जमते, परत पुसायचं, आणि तोवर काचेवर तेलकट फराटे उठलेले असतात. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा, कॅमेरा बॅगेतच राहू द्या, तो बाहेरच्या तापमानाला आला की वाफ धरत नाही. वाफ धरलीच तर पुसू नका, थांबा, आपोआप जाते.

उन्हाळ्यात उलटा प्रकार. सिन्नर-येवल्याकडच्या माळावर एप्रिल-मेमध्ये गळ्याला रंगीत पंखा फुलवणारे सरडे बघायला लोक जातात, ममदापूरला काळवीट बघायला जातात, आणि अकरा-बारा वाजता लांब झूमने काढलेला एकही फोटो शार्प येत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, डांबरी रस्त्यावर लांबून पाणी दिसतं ना, तेच. तुमच्या आणि सरड्याच्या मधे तीस-चाळीस मीटर तसली हवा असेल तर दोन लाखांची लेन्स पण काही करू शकत नाही. एक तर अंतर कमी करा नाहीतर सकाळी लवकर या. गाडीत बसून एसी चालू ठेवायचा आणि काच खाली करून लेन्स बाहेर काढायची, यानेही हेच होतं, आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच एकमेकीत मिसळते आणि तुम्ही बरोबर त्यातूनच फोटो काढत असता. एसी बंद, इंजिन पण बंद, नाहीतर त्याची थरथर लेन्सला लागते. आणि लेन्सच्या तोंडावर लावलेला तो स्वस्तातला यूव्ही फिल्टर एकदा काढून बघा, लांब झूमला तो बऱ्याचदा फोटो मऊ करतो.

डोळा शार्प आणि बाकी विरघळलेलं, याचं कारण मॅक्रो लेन्सवाल्यांनी समजून घ्यायला पाहिजे. वस्तू खऱ्या आकाराएवढी टिपायची ठरवली, म्हणजे वन इज टू वन, तर एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून सुद्धा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पट्टा शार्प येतो. फुलपाखराच्या दोन पंखांत त्याहून जास्त अंतर असतं. छिद्र अजून बारीक करत एफ २२ ला गेलात तर सगळंच मऊ व्हायला लागतं, तिकडे जाऊ नका. इथे कोन कामाला येतो. पंख मिटून बसलं असेल तर कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर ठेवा, म्हणजे अख्खा पंख एकाच पट्ट्यात बसतो. पंख पसरून ऊन खात असेल तर वरून. सरड्याचं अंग लांब असतं, त्याचं सगळं शार्प पाहिजे असेल तर बाजूने, आणि समोरून घेत असाल तर शेपटी सोडून द्या, फक्त डोळा धरा, चांगलाच दिसतो. आणि जरा मागे राहून काढा, नंतर कापा. आजकालच्या कॅमेऱ्यांत तेवढे पिक्सेल असतात. मॅक्रो लेन्स नसेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं छोटं भिंग मिळतं, झूम लेन्सच्या तोंडावर चिमट्याने बसतं, किमतीच्या मानाने फार कामाचं आहे, पण ते लावल्यावर अर्ध्या वितेच्या अंतरावरूनच फोटो निघतो, त्यामुळे कोळी, कोष, अळ्या, थंडीने सकाळी बधिर झालेले चतुर यांना ठीक. सापाला कधीच नाही.

पांढरं-पिवळं फुलपाखरू नुसता पांढरा डाग येतं अशी पण तक्रार असते. त्याचं कारण मागची गर्द झाडी, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग, उणे ०.७ किंवा उणे १ करा, फोनवर बोट दाबून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. ब्लू मॉर्मन आणि क्रो सारख्या काळ्या फुलपाखरांना उलट, मागे उजळ आभाळ असेल तर थोडं अधिक. झालं एवढंच.

पण वरचं सगळं जमलं तरी मूळ रडगाणं राहतंच, की जवळ गेलं की पळतंय. आणि खरं सांगायचं तर सेटिंग चुकायचं कारण पण हेच असतं, माणूस आधी धावत जवळ जातो, मग सेटिंग करत बसतो, आणि तेवढ्यात समोरचा निघून जातो. क्रम उलटा करा. लांबूनच, दहा पावलांवरून, शटर, आयएसओ, फोकस पॉइंट सगळं लावा. त्याच उजेडातल्या एखाद्या दगडावर एक फोटो काढून बघा. मग पुढे सरका. एक लांबून घ्या, दोन पावलं पुढे या, अजून एक घ्या, असं करत गेलात तर तो कधीही पळाला तरी हातात काहीतरी असतं.

पुढे सरकायचं ते पण सरळ चालत नाही. बसून, नाहीतर रांगत. आपला उभा आकार आभाळावर उठून दिसतो आणि सरड्याला शिकारी पक्ष्याची भीती वरूनच असते. सूर्य कुठे आहे ते बघा, तुमची सावली त्याच्यावर पडली की संपलं, फुलपाखरू तर सावलीला लगेच उडतं. कुंपणाच्या खांबावर बसलेला साधा बागेतला सरडा घ्या, मे-जूनमध्ये त्याचं डोकं आणि गळा लालबुंद झालेला असतो, फोटोला देखणा. तुम्ही उजवीकडून गेलात की तो खांबाच्या डावीकडे सरकतो, तुम्ही डावीकडे गेलात की उजवीकडे. लोक खांबाभोवती गोल गोल फिरतात आणि सरडा वर चढून जातो. त्यापेक्षा एका जागी गप्प बसा. पाच मिनिटांत आधी एक डोळा डोकावतो, मग हनुवटी, मग तो परत पुढच्या बाजूला येऊन ताठ बसतो आणि मान वर-खाली करायला लागतो, कारण ती जागा त्याची आहे आणि ती त्याला सोडायची नसते. माळावरच्या पंखावाल्या सरड्याचंही तसंच. त्याचा ठरलेला दगड असतो, हुसकावला तरी थोड्या वेळाने तिथेच येतो. दगडावर फोकस लावून ठेवा आणि लांब बसून राहा. गळा पसरतो तो डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ, त्यामुळे तो दगडावर ताठ झाला की लगेच बर्स्ट, म्हणजे पटापट सलग फोटो, सुरू करा, पंखा दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो.

वेळेचं गणित पण नाशिककरांचं जरा अवघड आहे. रविवारी निघायचं म्हणजे आधी मिसळ, मिसळ म्हणजे रांग, त्यात कोणीतरी जिलेबी मागवणार, आणि अंजनेरीच्या पायथ्याला पोचायला साडेदहा. सरपटणारे प्राणी सकाळी अंग तापवायला उन्हात येऊन बसतात, तेव्हा ते सुस्त असतात आणि उजेड पण मऊ असतो. एकदा अंग तापलं की त्याच सरड्याला पकडणं बंदुकीच्या गोळीलाही जमणार नाही. म्हणून सरडे, साप सात-साडेसात ते नऊ. फुलपाखरं मात्र तेवढी लवकर हलत नाहीत, त्यांना पण ऊन लागतं, पण त्यांच्यासाठी साडेआठ-नऊ ते अकरा-साडेअकरा चांगले, सुरुवातीला पंख उघडून ऊन खातात ते सगळ्यात सोपे फोटो. मिसळ उतरून आल्यावर खा. तेव्हा ती जास्त चांगली लागते.

कुठे शोधायचं हा प्रश्न असेल तर झाड ओळखायला शिका. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या अळ्या, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो. कॉलेज रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असेल तर अर्धं काम घरीच होतं, आणि सरावाला यासारखी जागा नाही, कारण कोषातून नुकतं बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळेपर्यंत हलत नाही.

सापांच्या बाबतीत मी ट्रबलशूटिंग करत नाही, सरळ नियम सांगतो. फोटो नीट येत नाही म्हणून एक पाऊलही पुढे जायचं नाही. दोन मीटर म्हणजे दोन मीटर, आणि ओळख पटली नाही तर अजून मागे. कातळावर, दगडाखाली वितभर दिसणारं फुरसं कोणाला बारीकसं वाटतं, घोणस अजगराचं पिल्लू वाटते, आणि दोन्ही आपल्याकडच्या चार मोठ्या विषारी सापांतले आहेत, नाग आणि मण्यार धरून. पावसाळ्यात घाटातल्या फांद्यांवर हिरवा चापडा असतो, बांबू पिट वायपर, तासन् तास एका जागी बसतो म्हणून लोक मोबाइल त्याच्या तोंडापर्यंत नेतात. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष त्या चार सापांच्या विषावर बनवलेलं आहे, चापड्याच्या नाही, हे त्या मोबाइलवाल्यांना माहीत नसतं. आणि कोणाला चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत, १०८ ला फोन आणि सरळ मोठं हॉस्पिटल. सापाचा फोटो काढत बसू नका त्या वेळी.

काही लोक फुलपाखरू डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतात म्हणजे गार पडून हलत नाही, शॅमेलिऑन उचलून चांगल्या फांदीवर नेऊन ठेवतात, सर्पमित्राला साप धरून उभं करायला लावतात. असले फोटो बघणाऱ्याला लगेच कळतात, पाय कसे पण पडलेले असतात, रंग उतरलेला असतो. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावून काढलेला सेल्फी म्हणजे स्वतःच्या हाताने तयार केलेला पुरावा. घोरपडीच्या बिळाचा, गिधाडांच्या कड्याचा फोटो टाकताना लोकेशन पण काढून टाका, फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करता येतं, शेअर करताना पण काढता येतं.

घरी आल्यावरच्या दोन तक्रारी उरल्या. एक, फोनमध्ये मस्त दिसतो पण ग्रुपवर टाकला की चिवडा होतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं, पाठवताना एचडी निवडा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरी, दिवाळीत कॅमेरा काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. ती बुरशी आहे, आणि ओली बॅग तशीच कपाटात ठेवल्याने होते. घरी आलात की कॅमेरा बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, बॅग वेगळी वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आर्द्रता मोजायचा छोटा काटा मिळतो तो डब्यात ठेवला तर ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येते. बुरशी धरलीच असेल तर स्वतः लेन्स उघडू नका.

फोटो छान आलाय पण नाव कळत नाही म्हणून जे मेसेज येतात त्यांच्यासाठी एवढंच, की एका कोनातून ओळख पटत नाही. फुलपाखराचे पंख उघडे असतानाचा एक आणि मिटलेले असतानाचा एक, दोन्ही लागतात, कारण बऱ्याच जातींत खरी खूण पंखाच्या खालच्या बाजूला असते, त्या छोट्या निळ्या फुलपाखरांत तर वरची बाजू बघून काहीच ठरत नाही. सरड्याचा एक बाजूने डोक्याचा आणि एक अख्खा, शेपटीच्या टोकापर्यंत, जमलं तर गळ्याचा. मग ते आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या वेबसाइटवर तारीख आणि तालुका टाकून चढवा, तिथले जाणकार नाव सुचवतात, आणि त्यासाठी फोटो स्पर्धेत जिंकण्याइतका सुंदर असायची गरज नाही, डाग मोजता आले की पुरे.